होळी ते अक्षय तृतीया : मळ्यातल्या घराची उन्हाळी कामे

नाशिकच्या उन्हाळ्याची सुरुवात फसवी असते. होळी होऊन गेली तरी मळ्यात पहाटे गोधडी अंगावर ओढावीशी वाटते. त्यामुळे उन्हाळ्याच्या कामांना अजून अवकाश आहे असा समज होतो, आणि मग एखाद्या आठवड्यात ऊन अचानक तापते, वारा कोरडा होतो व सगळी कामे एकदम अंगावर येतात. होळीपासून अक्षय तृतीयेपर्यंतचा काळ साधारण दीड महिन्याचा असतो. एवढ्यात परसबाग सावरायची, कांदा काढायचा, धान्य भरायचे, वाळवण करायचे आणि गोठ्याकडेही बघायचे असते, आणि या सगळ्याला हात मात्र घरातले तेवढेच असतात. म्हणून कामांचा क्रम आधीच ठरवावा. ज्यांनी पाणी वाचते ती कामे सर्वांत आधी करावीत, ज्यांना कोरडी हवा लागते ती मध्ये घ्यावीत आणि पावसाळ्याची तयारी शेवटी ठेवावी.

पाण्याचा अंदाज विहिरीवरूनच घ्यावा. एका दोरीला दर हातावर गाठ मारून टोकाला दगड बांधावा आणि आठवड्यातून एकदा, मोटर सुरू करण्यापूर्वी, पाणी कितव्या गाठीला लागते ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. तीन-चार आठवड्यांच्या नोंदींवरून मे महिन्यात किती वाफे जगतील हे बऱ्यापैकी कळते. त्यानुसार वाफे कमी करण्याची तयारी मनाशी ठेवावी; सगळे जगवण्याच्या हट्टात सगळेच अर्धमेले होते, असा माझा अनुभव आहे. ठिबक असेल तर प्रत्येक नळीच्या शेवटची बुच्ची काढून गढूळ पाणी वाहून जाऊ द्यावे आणि स्वच्छ पाणी आल्यावरच ती बंद करावी. पाणी सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर द्यावे. आपल्याकडच्या काळ्या जमिनीला रोजच्या शिंपणापेक्षा चार-पाच दिवसांनी दिलेले, खोलवर मुरणारे पाणी अधिक मानवते. वरचेवर शिंपल्याने मुळे वरच्याच थरात राहतात आणि तोच थर सर्वांत आधी तापतो.

मात्र या महिन्यातले सर्वांत मोलाचे काम आच्छादनाचे आहे, आणि ते पाडव्याच्या आत उरकावे. आपल्या भागात सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट आणि झाडांचा पालापाचोळा सहज मिळतो. पालापाचोळा काडी लावून मोकळे होण्याची सवय अनेक मळ्यांत आहे. ती सोडावी, कारण पुढच्या दोन महिन्यांत त्याच पाल्यासाठी वणवण करावी लागते. आधी वाफ्याला भरपूर पाणी द्यावे, दुसऱ्या दिवशी वाफसा आल्यावर, म्हणजे माती चिखल न होता नुसती ओलसर राहिल्यावर, हलकी खुरपणी करावी आणि मग तीन ते चार इंच जाडीचा थर पसरावा. कोरड्या मातीवर आच्छादन घातले तर आतला कोरडेपणाच झाकला जातो आणि वरून दिलेले पहिले पाणी भुसाच पिऊन टाकतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बुंधा कुजत नाही आणि वाळवी लागली तर लगेच दिसते. भुसा वाऱ्याने उडतो, म्हणून त्यावर शेणकाला शिंपडावा; तो वाळला की पापुद्र्यासारखा धरून बसतो. आच्छादन पुरेसे झाले की नाही हे पाहायचे असेल तर भर दुपारी दोन वाजता हात भुशाखाली सरकवावा. बोटांना गारवा लागला आणि मातीची ढेकळे चिमटीत दाबली जात असली तर काम झाले. तळहाताला ऊब जाणवली तर आणखी एक टोपली ओतावी.

नव्याने लावलेल्या आंब्याच्या किंवा लिंबाच्या रोपाजवळ मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. मडके आतून-बाहेरून चकाकी नसलेले, साधे कुंभाराकडचे असावे, कारण पाणी त्याच्या अंगातूनच हळूहळू झिरपायचे असते.

आता काय ठेवावे आणि काय उपटावे याविषयी. मेथी, पालक, कोबी, वाटाणा यांचा हंगाम संपलेला असतो. फुलावर आलेल्या पालकाला पाणी पाजत बसू नये. टोमॅटोची फुले पारा पस्तिशीच्या वर गेला की गळू लागतात, म्हणून त्याच्यावर फार आशा ठेवू नये. गवार, भेंडी, चवळी, काकडी आणि तांदुळजा हे उन्हाळ्याचे खरे सोबती आहेत. कोथिंबीर हवीच असेल तर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी लावावी. आमच्याकडे अजूनही चार बांबूंवर आजीचे जुने नऊवारी बांधतात आणि ते जाळीइतकेच काम देते. भेंडी-वांग्यावर या दिवसांत लाल कोळी येतो. पाने खालून बारीक ठिपक्यांनी फिकट दिसू लागली की पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क वापरावा. त्यासाठी लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात निंबोळीची भरड थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यातून गाळून उरलेले पाणी व किंचित साबण मिसळावा आणि संध्याकाळीच फवारावा. काकडी-दोडक्याला डंख मारणाऱ्या फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा टांगावा. आंब्यासाठीचा मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलींना चालत नाही, आणि ही गल्लत दुकानातही होते.

अक्षय तृतीयेला आळी करून वेलींचे बी टोचण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. त्यासाठी खड्डे पंधरा दिवस आधीच खणून उन्हात तापू द्यावेत आणि मग कुजलेले शेणखत व माती सारखी मिसळून ते भरावेत. दुधी, दोडका आणि कारले यांसाठी मांडवाची बाजू तेव्हाच ठरवून ठेवावी. दारात द्राक्षाचा घरगुती मांडव असेल तर एप्रिलमधली खरड छाटणी चुकवू नये. काडीला एक-दोन डोळे ठेवून बाकीचे काढावे, कारण पुढच्या हंगामाची घड देणारी काडी याच फुटीतून तयार होते. मोठ्या बागेचे शास्त्र वेगळे आहे, त्यात इथे शिरत नाही.

उन्हाळ कांद्याकडे मात्र सवडीने पाहिले पाहिजे, कारण घरच्यापुरता साठवायचा असला तरी तो वर्षभर पुरवायचा असतो. निम्म्याहून अधिक पातीच्या माना पडल्या की कांदा काढणीला आला असे समजावे. त्याआधी दोन आठवडे पाणी तोडलेले असावे. काढलेला कांदा शेतातच अशा रीतीने ओळीत मांडावा की एका ओळीची पात आधीच्या ओळीच्या कांद्यांवर पडेल, म्हणजे कांदा उन्हाने भाजत नाही. तीन-चार दिवसांनी पात सुकल्यावर विळ्याने कापावी, पण एक इंचभर मान ठेवावी. मान पार मुळाशी छाटली तर तिथूनच कूज आत शिरते. त्यानंतर दुभाळके (जोड) कांदे, डेंगळे म्हणजे फुलाचा दांडा आलेले आणि खरचटलेले कांदे वेगळे काढून आधी खाण्यासाठी ठेवावेत. चांगला माल सावलीत, पातळ ढिगात, दहा-बारा दिवस सुकवावा. तयार कांद्याची मान दोन बोटांत पिळली असता ओलसर लागत नाही, आणि ओंजळीतून दुसऱ्या ओंजळीत टाकताना वरचे पापुद्रे कागदासारखे खसखसतात.

एका वर्षी आभाळ भरून आले म्हणून आम्ही घाईने, माना ओल्या असतानाच, कांदा साठवणीच्या हवेशीर चाळीत भरला होता. आषाढात चाळीच्या मधल्या भागातून वास येऊ लागला आणि चार माणसांनी दोन दिवस निवडूनही बराच माल उकिरड्यावर गेला. तेव्हापासून पावसाचा धोका दिसला तर कांदा ताडपत्रीखाली झाकतो आणि ऊन पडताच उघडतो, पण चाळीत कच्चा जाऊ देत नाही. चाळ लहान असली तरी तिचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला असावा, बाजूंनी हवा खेळावी आणि ढीग पाच फुटांपेक्षा उंच करू नये. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झालेली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दिवसांत ताडपत्री आणि दोर हाताशी ठेवण्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

कोरड्या हवेचा दुसरा मोठा लाभ वाळवणाला होतो. नागलीचे पापड, शेवया व सांडगे घरोघरच्या पद्धतीने होतात. अडते ते कुरडईवर. गहू तीन दिवस भिजवावा व पाणी रोज बदलावे, नाहीतर चिकाला आंबूस वास लागतो. चौथ्या दिवशी वाटून कपड्यातून चीक गाळावा, रात्रभर निवळू द्यावा आणि सकाळी वरचे पाणी अलगद ओतून टाकावे. जितका चीक तितकेच पाणी मीठ-हिंग घालून उकळावे आणि एकीने चीक ओतताना दुसरीने चाटू न थांबवता फिरवावा. इथे हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजून चकचकीत झाला की गरम असतानाच सोऱ्यात भरावा. हे सगळे ऊन चढण्याआधी व्हावे म्हणून चूल पहाटे पाचला पेटवावी.

गहू भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हे द्यावीत, आणि दाताखाली दाणा कट्‌कन फुटला तरच तो वाळला असे मानावे. उन्हातून उचललेला गरम गहू तसाच कोठीत ओतू नये. रात्रभर घरात पसरून गार होऊ द्यावा, म्हणजे आत घाम धरत नाही. कडुनिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरांत घालावा.

गोठ्यात जनावरांना दिवसभर गार पाणी मिळेल इतके पाहिले तरी अर्धे काम होते. हौद आठवड्याला घासून आतून चुना लावावा, पत्र्यावर पाचट किंवा कडबा टाकावा आणि घटसर्प व फऱ्या या जनावरांच्या रोगांवरचे लसीकरण पावसाआधी करून घ्यावे. कडब्याची गंजी व सरपण हलवताना हात आधी न घालता काठीने चाळवावे, कारण उन्हाने बेजार झालेला नाग किंवा घोणस अशाच सावलीच्या जागी येऊन बसते. रिकाम्या झालेल्या वावराची नांगरट आताच करून ढेकळे तापू द्यावीत. मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या व कोष वर येतात आणि नांगरामागून चालणारे बगळे उरलेले काम करतात. शेणखत मात्र आताच पसरून ठेवू नये, उन्हात त्याचा कस जातो. ते पाऊस तोंडावर आल्यावर पसरावे आणि त्याच दिवशी मातीत मिसळावे.