घरच्या घरी कुरकुरीत वॅफल: वाफ थांबेपर्यंत झाकण उघडू नका

नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला वॅफल सहज मिळतो, पण तो बहुतेक संध्याकाळी चॉकलेट आणि आइस्क्रीमखाली दडलेला असतो. सकाळच्या नाश्त्याचा वॅफल वेगळा. त्यात गोडी बेताची असते, बाहेरून तो कुरकुरीत असतो, आतून मऊ आणि जाळीदार. तो घरी करायला अर्धा-पाऊण तास लागतो. तयार प्रीमिक्स अजिबात लागत नाही. लागणाऱ्या दहा जिन्नसांपैकी सात-आठ आपल्या फडताळात असतातच.

घरी केलेल्या वॅफलबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: मशीनमधून काढला तेव्हा छान होता, ताटात येईपर्यंत लादीपावासारखा मऊ पडला. याचं कारण पाणी. दही, दूध आणि अंडी मिळून मिश्रणात अर्ध्याहून जास्त पाणीच असतं. पृष्ठभागावर ते पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फार वर जात नाही. पाणी उडालं की पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे तापतो आणि तिथे खरपूस रंग, वास आणि कुरकुरीतपणा येतो. पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीत हे पाणी बाहेर कसं जाईल आणि परत आत कसं येणार नाही, एवढंच बघायचं आहे.

साहित्य (आठ ते दहा चौकोनी वॅफल, चार जणांचा नाश्ता)

इथे कप म्हणजे २४० मिलीचा मापाचा कप. चमचे सपाट भरायचे.

- मैदा दीड कप (साधारण १९० ग्रॅम)
- कॉर्नफ्लोअर पाव कप (३० ग्रॅम)
- बेकिंग पावडर २ छोटे चमचे
- खायचा सोडा पाव छोटा चमचा
- मीठ अर्धा छोटा चमचा
- साखर दीड मोठा चमचा
- ताजं, फार आंबट नसलेलं दही पाऊण कप
- दूध पाऊण कप
- अंडी २
- वितळवलेलं लोणी किंवा बिनवासाचं तेल ८० मिली

कॉर्नफ्लोअर टाळू नका. त्यात ग्लूटेन नसतं, त्यामुळे कवच चिवट न होता खुसखुशीत होतं. साखर मात्र वाढवू नका. साखर जास्त झाली की वॅफल आतलं पाणी जायच्या आधीच तांबूस दिसायला लागतो. आपण फसून तो काढतो आणि दोन मिनिटांत तो मऊ पडतो. शिवाय तो साच्याला चिकटतो ते वेगळंच. गोडी वरून घ्यायची.

सोडा दह्यातल्या आम्लाशी लगेच भिडतो आणि बुडबुडे तयार करतो. बेकिंग पावडर थोडी भिजल्यावर आणि उरलेली उष्णता लागल्यावर काम करते, म्हणून दोन्ही हवेत. सोडा चमचाभर घातला तर जास्त फुलेल असं वाटतं, पण होतं उलट. दह्यातलं आम्ल संपतं, उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव लागते आणि रंग काळपट पिवळा येतो.

अंडं चालत नसेल तर

अंडी वगळा, दूध पाऊण कपाऐवजी १ कप घ्या, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे करा आणि कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे वाढवा. अंडं वॅफलला आधार देतं, रंग देतं आणि साच्यातून सुटायलाही मदत करतं. त्यामुळे बिनअंड्याच्या वॅफलला दर वेळी साच्यावर तेलाचा हात फिरवावा लागतो आणि एक-दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात. एवढा धीर धरला तर तो अंड्याच्या वॅफलइतकाच कुरकुरीत होतो. ज्या घरात चतुर्थी-एकादशीच्या आगेमागे अंडं आणत नाहीत, तिथे सरळ हीच पद्धत कायमची ठेवावी.

साचा कोणता घ्यावा

घरगुती वापराला दोन खणांचं विजेचं वॅफल मेकर पुरतं. घेताना दोन गोष्टी बघा: वॅट आणि खणांची खोली. कमी वॅटचं यंत्र प्रत्येक वॅफलनंतर गार पडतं, म्हणून ७५०च्या खाली जाऊ नका. खण खोल असतील तर वॅफल जाड आणि आतून मऊ होतो, उथळ असतील तर पातळ आणि लवकर कडक होणारा. नाश्त्याला मला उथळ आवडतो. तो पटकन होतो आणि घरातली माणसं ताटं घेऊन ताटकळत नाहीत.

गॅसवर ठेवायचा ओतीव साचाही मिळतो. वॅफलचा इतिहास अशाच साच्यांचा आहे. अमेरिकेत ट्रॉय या गावच्या कॉर्नेलियस स्वार्थाउट याने चुलीवर ठेवून उलटता येणाऱ्या साच्याचं पेटंट २४ ऑगस्ट १८६९ रोजी घेतलं. तोच दिवस तिकडे वॅफल दिवस म्हणून पाळतात. युरोपात याआधी कित्येक शतकं लांब दांड्याचे लोखंडी चिमटे विस्तवावर धरून वॅफल भाजत असत. गॅसच्या साच्याचा मोठा फायदा म्हणजे वीज गेली तरी नाश्ता अडत नाही. मात्र तो मंद ते मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी आधी तापवावा लागतो आणि मिश्रण घातल्यावर अर्ध्या मिनिटात एकदा उलटावा लागतो, म्हणजे वरचे खणही नीट भरतात.

मिश्रण करताना

दूध, दही आणि अंडी फ्रिजबाहेर अर्धा तास आधी काढून ठेवा. नाशिकच्या थंडीत हे विसरून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एकेरी आकड्यात उतरतो, तेव्हा शहरातल्या ओट्यावरचं दूधही गारच असतं. अशा दुधात वितळलेलं लोणी पडलं की त्याचे कण गोठतात. मग एका वॅफलमध्ये लोण्याचा गोळा, दुसरा कोरडा. थंडीत दूध कोमट करून घ्या, किंवा लोण्याऐवजी सरळ तेल वापरा. तेलाचा वॅफल किंचित जास्त कुरकुरीतही होतो, कारण लोण्यातही थोडं पाणी असतंच. चव लोण्याची चांगली. मी अर्धं-अर्धं घेते.

१. एका पातेल्यात मैदा, कॉर्नफ्लोअर, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र चाळून घ्या. साखर मिसळा.

२. दुसऱ्या भांड्यात दही रवीने मोडून घ्या. त्यात दूध, अंड्यांतला पिवळा बलक आणि लोणी किंवा तेल घालून एकजीव करा. अंड्याचा पांढरा भाग कोरड्या, तेलाचा अंश नसलेल्या भांड्यात बाजूला ठेवा. घाई असेल तर अंडी अख्खीच फेटून घाला, पायरी चार सोडून द्या.

३. कोरड्या पिठात मधोमध आळं करून पातळ मिश्रण ओता आणि पळीने वरखाली करत मिसळा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी राहू द्या. मिक्सर किंवा ब्लेंडर लावू नका, फेटत बसू नका. मैदा जितका घोटाल तितकं ग्लूटेन तयार होईल आणि वॅफल रबरासारखा लागेल.

४. पांढरा भाग फेसून घ्या, फेसाची टोकं उभी राहिली पाहिजेत. तो मिश्रणात दोन वेळा विभागून अगदी हलक्या हाताने मिसळा. यामुळे आत हवा राहते आणि वॅफल हलका होतो.

५. झाकून दहा मिनिटं ठेवा. पांढरा भाग फेसला असेल तर हा विसावा तो मिसळायच्या आधी द्या. पीठ पाणी पितं आणि मिश्रण सारखं होतं. पळीतून ते जाडसर धारेने, सावकाश पडलं पाहिजे. धार तुटत असेल तर दोन चमचे दूध घाला.

भाजताना

मिश्रण मुरतंय तोवर यंत्र तापायला लावा. हिरवा दिवा लागला तरी आणखी तीन-चार मिनिटं थांबा, कारण दिवा आतल्या एका बिंदूचं तापमान सांगतो, कडेचे खण अजून तापत असतात. साच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर तो चर्रकन नाचत उडाला पाहिजे.

ब्रशने तेलाचा पातळ हात फिरवा. फवाऱ्याच्या डब्यातलं तेल नॉनस्टिक साच्यावर मारू नका. त्याचा चिकट थर खणांच्या कोपऱ्यांत साचतो आणि मग काही केल्या निघत नाही.

मिश्रण मधोमध ओता, खण तीन-चतुर्थांश भरतील इतकंच. ते पसरून कडेपर्यंत जातं. झाकण लावा, दाबू नका.

आता फटीतून वाफेचे लोट निघतील. सुरुवातीला जोरात, मग कमी. हाच खरा घड्याळाचा काटा समजा. यंत्रात दिवा लागो, शिट्टी वाजो, वाफ चांगली दिसत असेल तर आत पाणी आहे. वाफ जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडू नका. साधारण चार ते सहा मिनिटं लागतात, बिनअंड्याच्या वॅफलला सहा ते सात. मधेच उघडलं तर वॅफल आडवा फाटतो, अर्धा वरच्या पत्र्याला आणि अर्धा खालच्या पत्र्याला चिकटतो. झाकण उचलताना जोर लागला तर ते परत लावून एक मिनिट द्या. नीट भाजलेला वॅफल आपणहून सुटतो.

काढायला लाकडी उलथनं किंवा सळई वापरा, सुरी नको.

आणि तो ताटात ठेवू नका! गरम वॅफलच्या खालच्या बाजूने अजून थोडी वाफ निघत असते. ताटावर ती अडते, तिचं पाणी होतं आणि मेहनतीने मिळवलेलं कवच तेच पाणी पिऊन मऊ पडतं. जाळीवर ठेवा. जाळी नसेल तर दोन वॅफल एकमेकांना टेकवून तंबूसारखे उभे करा. एकावर एक कधीच रचू नका, डब्यात झाकू नका. सगळ्यांना एकदम वाढायचं असेल तर ओव्हन १०० अंशांवर लावून त्याच्या जाळीवर पंधरा मिनिटांपर्यंत ठेवता येतात. पण खरं सांगायचं तर वॅफल भाकरीसारखा तव्यावरून ताटात असाच वाढावा. करणाऱ्याने शेवटी खावं लागतं, ते चालवून घ्यावं.

नागलीचा वॅफल

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या भागांतली नागली (म्हणजे नाचणी) नाशिकच्या बाजारात आणि बचत गटांच्या विक्रीत सहज मिळते. वर दिलेल्या मैद्यातला अर्धा कप काढून तितकंच नागलीचं पीठ घाला. वॅफलला छान तपकिरी रंग येतो आणि खमंगपणाही. अर्ध्या कपापेक्षा जास्त घेऊ नका: नागलीत ग्लूटेन नसतं, प्रमाण वाढलं की वॅफल काढताना मोडतो. नागली पाणी जास्त ओढते, म्हणून दूध तीन मोठे चमचे वाढवा आणि विसावा दहाऐवजी वीस मिनिटांचा द्या, नाहीतर दाताखाली कचकच लागते. पीठ साध्या नागलीचं घ्या. मोड आणलेल्या नागलीचं पीठ लहान मुलांच्या खिरीला उत्तम, पण मोड येताना त्यातल्या पिष्टाची साखर व्हायला लागते आणि वॅफल चिकटतो व लवकर काळवंडतो.

रंग आधीच गडद असल्यामुळे इथे डोळ्यांवर विसंबता येत नाही, वाफेकडेच बघायचं.

यीस्टचा, रात्री भिजवून

बेल्जियममधले वॅफल मुळात यीस्टचे. ब्रसेल्सचा मोठा, आयताकृती आणि हलका. लिएजचा जाड कणकेचा, त्यात साखरेचे टपोरे खडे असतात आणि ते साच्यात वितळून बाहेर कडक होतात. १९६४च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल्जियन वॅफल स्ट्रॉबेरी आणि क्रीमसोबत विकले गेले आणि तेव्हापासून ती जोडी जगभर गेली.

घरी करायचा तर वरच्याच साहित्यातून बेकिंग पावडर, सोडा आणि अंडी काढा, दह्याच्या जागीही दूधच घ्या आणि त्यात पाऊण छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट घालून रात्री मोठ्या पातेल्यात झाकून ठेवा. मिश्रण दुपटीने वर येतं. सकाळी अंडी आणि पाव चमचा सोडा घालून लगेच भाजा. नाशिकच्या हिवाळ्यात हे पातेलं रात्रभर ओट्यावर ठेवता येतं. एप्रिल-मेमध्ये तासभर बाहेर ठेवून मग फ्रिजमध्येच ठेवा, नाहीतर सकाळी आंबूस वास येईल.

सोबत काय

मेपल सिरप महाग पडतं आणि त्याची गरजही नाही. काकवी कोमट करून ओतली की तिचा किंचित खारट, खोल गोडवा नागलीच्या वॅफलवर फार शोभतो. साध्या वॅफलवर लोणी आणि मध.

द्राक्षांच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे जरूर करा: दोन कप थॉमसन किंवा काळी बिनबियांची द्राक्षं अर्धी चिरून कढईत घ्या, दोन चमचे किसलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं शिजवा. साली मऊ पडून रस घट्ट झाला की गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस पिळा. दिंडोरी-पिंपळगावची द्राक्षं घरात पेटीने येतात, त्यातली सुटी, मऊ पडलेली याला वापरावीत. सुरगाण्याची स्ट्रॉबेरी मात्र शिजवू नका, चिरून थोडी पिठीसाखर लावून दहा मिनिटं ठेवली की तिला स्वतःचा रस सुटतो. रस किंवा काकवी ताटात, खायच्या क्षणी ओता. आधी ओतून ठेवलं तर कवचाची सगळी मेहनत वाया जाते.

तिखट हवा असेल तर साखर वगळून बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि जिरं घाला. कांदा चिरून मीठ लावून पिळून घ्या, त्याला सुटणारं पाणी वॅफलला नको. याच्यावर लोण्याचा गोळा आणि ठेचा. मिसळीबरोबर मात्र पावच हवा, रश्शात वॅफल घालू नये.

उरले तर

जाळीवर पूर्ण गार करा, सुटे सुटे ताटलीत ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्या, मग पिशवीत भरा. महिनाभर चांगले राहतात. शाळेच्या घाईच्या सकाळी न वितळवता सरळ टोस्टरमध्ये किंवा मंद आचेच्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्ह नको, त्यात आतलं पाणी बाहेर येऊन वॅफल लिबलिबीत होतो.

साचा कोमट असताना कोरड्या कापडाने पुसा, कोपऱ्यांतले कण जुन्या मऊ ब्रशने काढा. चिकटलेलं असेल तर ओला रुमाल आत ठेवून झाकण पाच मिनिटं बंद ठेवा, वायर अर्थातच काढून. विजेचं यंत्र नळाखाली धरू नका, तारेची घासणी लावू नका.