बाई, माझे दोन कुठे गेले?

सातवीला ‘पहिला पाऊस’ निबंध दिला होता. एका मुलीला दहापैकी आठ, तिच्या शेजारणीला सहा. सहावाली वही घेऊन टेबलाशी आली, “बाई, माझे दोन कुठे गेले?” दोन्ही वह्या शेजारी ठेवून पुन्हा वाचल्या. सांगता येईना. आठवालीचं अक्षर सुरेख होतं, एवढंच. तेव्हापासून मी रुब्रिक वापरते.

रुब्रिक म्हणजे साधा तक्ता. उभे निकष, आडव्या पातळ्या, आणि चौकटीत त्या पातळीचं काम कसं दिसतं त्याचं वर्णन. कोरा कागद घेऊन तो करायला बसू नका. जुन्या दहा-पंधरा वह्या वाचा, तीन गठ्ठे करा: जमलंय, अर्धवट, अजून हवं. मग स्वतःला विचारा, ही वही याच गठ्ठ्यात का टाकली? त्या उत्तरांतून माझे चार निकष निघाले: स्वतःचा अनुभव, क्रम, शब्द, शुद्धलेखन. अक्षर मुद्दाम गाळलं. पातळ्या तीनच, पाच केल्या तर मधल्यांतला फरक मलाच सांगता येत नाही.

खरी मेहनत चौकटी भरण्यात आहे. तिथे ‘उत्तम’, ‘बरे’ लिहिलंत तर पुन्हा जैसे थे. डोळ्यांना दिसेल ते लिहा. माझी ‘अनुभव’ची ओळ अशी: ‘कुणालाही लागू पडतील अशी वाक्यं आहेत’, ‘स्वतःचा प्रसंग आहे, पण एका वाक्यात आटोपलाय’, ‘काय पाहिलं, काय ऐकलं, कसला वास आला, तेही सांगितलंय’. ‘बळीराजा सुखावतो’ आता पहिल्याच चौकटीत जातं, लिहिणाऱ्याच्या घरी शेती असली तरी!

मग तक्ता आणि पाच वह्या शेजारच्या वर्गावरच्या सरांना तपासायला द्या. आमचं ‘शब्द’वर अडलं. ‘चिखुल’ मला गोड वाटला, सरांनी लाल गोल केला. म्हणून चौकटीत भर घातली: ‘घरच्या बोलीतला शब्द चालेल.’

तक्ता मुलांना निबंधाच्या आधी द्या, नंतर नव्हे. नाव झाकलेल्या दोन जुन्या वह्या वाचून दाखवा आणि पातळी त्यांनाच ठरवू द्या. एक तास जातो, जाऊ द्या.

2010 पासून आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता होणाऱ्या तपासणीच्या, वर्णनात्मक नोंदी आपण शिक्षक लिहितोय. ‘लेखनात प्रगती आहे’ हे वाक्य मी निम्म्या वर्गाला वाटलेलं आहे. आता चौकटीतलंच वाक्य नोंदवहीत उतरवते. तक्त्यावर खुणा मात्र पेन्सिलने करा. निबंध पुन्हा लिहून आणला की खोडाव्या लागतात.