बुजरी संशयित घेऊन सोलापुरातली खूनकथा कशी लिहायची

खून होतो पण रक्त दिसत नाही, गोळीबार नाही, पाठलाग नाही, सगळी माणसं एकमेकांना ओळखणारी आणि शोध लावणारं कुणीतरी गल्लीतलंच, अशी ही गोष्ट, म्हणजे ज्याला कोझी मिस्टरी म्हणतात ती. यात एक संशयित अशी घ्यायची की जिला माणसांसमोर जायचीच भीती वाटते. आपल्याकडे जरा नजर चुकवली की लोक लगेच म्हणतात "हिच्या मनात काहीतरी आहे". पण नजर चुकवणं, अडखळणं, घाम फुटणं ही खोटं बोलण्याची भरवशाची खूण नाही, यावर भरपूर अभ्यास झालाय आणि तरी हा समज काही जात नाही. तुमची अख्खी गोष्ट या समजावर उभी करा. वाचक सुरुवातीला गल्लीसारखाच तिच्यावर संशय घेईल आणि शेवटी त्याला कळेल की तिची भीती पुरावा नव्हती, पण त्या भीतीमुळेच तिला जे दिसलं ते दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं.

१. आधी ती भीती समजून घ्या

लाजाळूपणा वेगळा आणि सोशल अँक्झायटी वेगळी. यात माणसाला सतत वाटत राहतं की समोरचा आपल्याला जोखतोय, आपलं हसं होणार. चेहरा लाल होतो, हात थरथरतात, ऐनवेळी डोकं कोरं पडतं. बहुतेकांना हे किशोरवयातच सुरू होतं. पण लेखकाच्या कामाच्या गोष्टी याच्या पुढे आहेत. अशी माणसं बोलायच्या आधी वाक्याची मनात तालीम करतात, फोन वाजला की उचलत नाहीत आणि मग मेसेज करतात, दुकानात गर्दी असेल तर तशीच पुढे जातात. आणि रात्री दिवसभराचं एकेक बोलणं पुन्हा आठवत बसतात, कोण काय म्हणालं, आपण काय म्हणालो, तेव्हा तो का हसला. हे शेवटचं विसरू नका, शोध लागतो तो यातूनच.

२. दिवस गड्ड्याचा घ्या

सोलापुरात लिहिताय तर याच्याइतका चांगला दिवस नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची, म्हणजे सिद्धरामेश्वरांची यात्रा असते, तिलाच गड्डा म्हणतात, सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक, आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं त्याची आठवण म्हणून हजारो लोक अक्षता टाकतात. म्हणजे त्या दुपारी गावातला प्रत्येकजण सांगू शकतो की मी तिथे होतो, आणि गर्दी एवढी की कुणी खरंच होता का नव्हता हे कुणालाच सांगता येत नाही.

आपली पोरगी मात्र गर्दीला घाबरते, ती गेलेली नाही. ती एकटीच अशी आहे की जिला "तू कुठे होतीस" याचं उत्तर देता येत नाही. तिचं नाव समजा रेणुका, पूर्व भागात राहते, घरात तेलुगू, टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते. सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम कारखान्यात येऊन बसलीय कारण आज माग बंद आहेत, माणसं नाहीत, काम नीट होतं. तिच्या बाजूने हे किती साधं आहे आणि बाहेरून किती भयंकर दिसतं बघा.

३. मेलेला माणूस

यावर फार वेळ घालवू नका. कारखान्याचे मालक अण्णा, माडीच्या जिन्यावरून पडलेले सापडतात. कामगारांची उचल अडवलेली, भाच्याला धंद्यात हिस्सा नाकारलेला, शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, एवढं पुरे. फक्त एक चांगली गोष्टही द्या, म्हणजे रेणुकाला कधी चारचौघांत न रागावणारे ते एकटेच होते असं काहीतरी, नाहीतर वाचकाला त्यांच्या मरणाचं काही वाटणारच नाही.

४. प्रत्येक संशयाला दोन बाजू

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि इथेच बहुतेक गोष्टी फसतात. एक वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडे पोलिसांना काय दिसलं, उजवीकडे खरं काय होतं. दोन्हीकडचं पटलं पाहिजे, उजवीकडचं कारण ओढूनताणून आणलेलं वाटलं की वाचक पुस्तक मिटतो.

उदाहरणार्थ, अण्णांच्या फोनवरून तिला तीन मिस्ड कॉल आहेत, तिने एकही उचलला नाही. त्यांना तिने चार मेसेज टाकले आणि डिलीट केले. डावीकडे लिहा, काहीतरी लपवतेय. उजवीकडे लिहा, ती फोन कुणाचाच उचलत नाही, आणि मेसेज होते उद्याच्या सुट्टीचे, पहिला उर्मट वाटला म्हणून काढला, दुसरा लाचार वाटला म्हणून काढला, असं करत करत चारही गेले. ज्याने हे कधी केलंय तो वाचक तिथेच तिचा होतो.

दुसरं, जबाब. ती मनात तालीम करून बोलते, आणि घरच्या तेलुगूतून मराठीत आणताना अजून जपून, त्यामुळे दोन वेळा विचारलं तर दोन्ही वेळा शब्दाला शब्द तेच उत्तर येतं. साहेबांना वाटतं हिला पढवलंय.

तिसरं जरा मोठं आहे. त्या दुपारी जिन्याकडून पावलं ऐकू आली तेव्हा ती चादरींच्या गठ्ठ्यांमागे लपली. का, तर सुट्टीच्या दिवशी इथे काय करतेस असं कुणी विचारलं तर काय सांगायचं. मग वर काहीतरी बोलाचाली झाली, ती मागच्या दाराने घरी गेली. हे ती पोलिसांना सांगत नाही, कारण लपले का हे सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं होणार असतं. वाचकाला मात्र एवढं आधीच कळू द्या की ती काहीतरी गाळतेय. काय गाळतेय ते नका सांगू.

५. पोलिस खरे ठेवा

बरेच जण अजून जुनी कलमं लिहितात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू आहे. आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, कलम १९४, पंचनामा, पोस्टमार्टेम, मग खुनाचा गुन्हा. म्हणजे पहिले काही दिवस हा अपघातच आहे असं कागदावर असतं आणि गल्लीत मात्र खून झालेला असतो, त्या मधल्या दिवसांत कुजबूज वाढवा.

कलम १७९ नीट वाचा. साक्षीदार बाई असेल तर तिला राहत्या घरून दुसरीकडे हजर व्हायची सक्ती करता येत नाही, पोलिसांनी घरी येऊन विचारायचं. ही तरतूद बायकांच्या सोयीसाठी आहे आणि चांगली आहे, पण रेणुकाच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहते, समोरच्या ओट्यावर बायका गोळा होतात, पोरं खिडकीतून बघतात. चौकीतल्या चार अनोळखी माणसांपेक्षा तिला ही ओळखीची चाळीस माणसं जड जातात. हा प्रसंग घाईत उरकू नका, दोन-तीन पानं द्या.

६. शोध लावणारी कोण

तडफदार, हजरजबाबी, सगळ्यांना गप्प करणारा हुशार माणूस इथे चालणार नाही, त्याच्यासमोर रेणुका तोंडच उघडणार नाही. शेजारची म्हातारी अक्का घ्या, जन्मभर बिड्या वळलेली. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेली पानं, बोटं चालू आणि नजर खाली. ती रेणुकाकडे बघत नाही, प्रश्नही फार विचारत नाही, फक्त दोऱ्याचं रीळ पुढे सरकवते. हाताला काम असलं आणि समोरचा टक लावून बघत नसला की अशा माणसांना बोलणं सोपं जातं.

"खाल्लीस का काही?"
"हो अक्का."
"काय?"
"...नाही खाल्लं."
"मग शेंगा चटणी भाकरी हाय, घे."

एवढंच. पहिल्या भेटीत खुनाचा विषयसुद्धा काढू नका.

७. धागा तिच्या नजरेतूनच सोडवा

रेणुका चेहऱ्यांकडे बघत नाही, खाली बघते. म्हणजे तिला माणसं पायांवरून माहीत आहेत. कोणाची टाच फुटलेली, कोणाची चप्पल एका बाजूने झिजलेली, कोण पाय ओढत चालतो. हे पहिल्या प्रकरणातच, तिसऱ्याच कुठल्यातरी कारणाने दाखवून ठेवा, म्हणजे शेवटी वाचकाशी लबाडी होणार नाही.

आता भाचा सगळ्यांना सांगतोय की नवस होता, सकाळपासून नंदीध्वजाबरोबर अनवाणी चाललो, बाराबंदी अंगावर आहेच. संध्याकाळी अण्णांच्या घरी सगळे जमलेत, रेणुका कोपऱ्यात मान खाली घालून बसलीय, लोक म्हणतात बघा वर बघत पण नाही. ती बघतेय त्याच्या पायांकडे. जानेवारीतल्या डांबरावर दिवसभर चाललेले पाय असे नसतात, अंगठ्याजवळ चपलेच्या पट्ट्याचा ताजा वळ आहे. हे वाक्य तिच्या अस्वस्थपणात पुरून टाका, वेगळा परिच्छेद देऊ नका. नंतर रात्री झोप न येता ती दिवस उगाळत बसते तेव्हा गठ्ठ्यांमागून ऐकलेली नव्या चपलेची करकर आणि तो वळ जुळतो. अक्काला ती हे तोंडाने सांगत नाही, बिडीच्या पुड्याच्या कागदावर लिहून देते.

८. शेवट

सगळ्यांना एका खोलीत गोळा करून खुन्याने कबूल करायचं, हे आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा होत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियम, कलम २३. पण कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून चपला सापडू द्या, भाच्याने लपवलेल्या, तळाला जिन्यावरच्या ओल्या रंगाचा डाग लागलेल्या. तो रंग आदल्या दिवशीच दिलाय हे दुसऱ्या प्रकरणात सहज येऊन गेलेलं असू दे.

रेणुकाला शेवटी भाषण करायला लावू नका. खून सुटला आणि ती धीट झाली असं होत नाही, ही भीती कमी करायला सीबीटीसारखे, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे उपचार असतात, त्यांना वेळ लागतो, हवं तर ती पहिल्यांदा डॉक्टरकडे जाते एवढं दाखवा. तिचा जबाब तिच्या घरात, अक्का शेजारी बसलेली असताना, महिला अंमलदार लिहून घेतेय, मध्ये ती थांबते तेव्हा कुणी घाई करत नाही, असा लिहा.

लिहून झालं की फक्त तिची पानं वेगळी काढून वाचा. जिथे जिथे तुम्ही, म्हणजे लेखकाने, तिला "विचित्र", "घुमी", "बिचारी" म्हटलंय ते खोडा, हे शब्द गल्लीतल्या माणसांच्या तोंडी राहू देत. मग हे हस्तलिखित अशी भीती स्वतः अनुभवणाऱ्या कुणालातरी वाचायला द्या, आणि मत समोरासमोर नका मागू, लिहून पाठवायला सांगा.