चोरी-अलार्मच्या सेन्सरशी ‘संपर्क नाही’ असा कोड आला? सेन्सर बदलण्याआधी या चुका टाळा

गाडी लॉक करताना इंडिकेटर नेहमीसारखे लुकलुकत नाहीत, किंवा डॅशबोर्डवर अलार्म तपासायचा संदेश येतो. स्कॅनर लावला की ‘इंटिरिअर मॉनिटरिंग सेन्सर (म्हणजे लॉक गाडीच्या आतली हालचाल टिपणारा सेन्सर), संपर्क नाही’ अशी ओळ दिसते. मग नवा सेन्सर मागवला जातो, बसवला जातो, कोड पुसला जातो आणि आठवड्याभरात तोच कोड परत येतो.

असं होतं, कारण तो कोड सेन्सरने लिहिलेलाच नसतो. तो बीसीएमने, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल या अलार्म सांभाळणाऱ्या कंप्युटरने लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ एवढाच, की विचारणा गेली पण उत्तर आलं नाही. उत्तर अडायला सेन्सर कारण असेल, तसाच त्याचा पुरवठा, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी), मधली तार, कपलर (तारांचा जोड), त्याच तारेवरचं दुसरं उपकरण किंवा खुद्द बीसीएमही असू शकतो. नाव सेन्सरचं छापून आलं म्हणून निकाल लावायची घाई सगळ्यात महाग पडते.

अलार्म उगाच वाजणं हा वेगळा आजार आहे

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज जातो, म्हणून बरेच जण काचा दोन बोटं उघड्या ठेवून गाडी लॉक करतात. आतला सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीतला बदल टिपतो. उघड्या फटीतून शिरलेली गरम हवा किंवा आरशाला लटकवलेली माळसुद्धा त्याला हालचाल वाटते. अशा गाडीत सेन्सर आपलं काम चोख करत असतो. काचा बंद करा, माळ काढा. तरीही अलार्म वाजला तर पुढे जा. गाडी स्टार्टच होत नसेल तर चावीचा इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) बघा. त्याचा या सेन्सरशी संबंध नाही.

कोड लगेच पुसू नका

पुसण्याआधी सगळ्या मॉड्यूलचे कोड फोटो काढून ठेवा. दोष कायम आहे की अधूनमधून येणारा, त्या वेळी व्होल्टेज किती होतं, किती किलोमीटरवर नोंद झाली, हे सगळं त्यात मिळतं आणि पुसलं की जातं. मग संपर्क नसल्याची तक्रार किती उपकरणांबद्दल आहे ते मोजा. एकट्या सेन्सरबद्दल असेल तर त्याच्याच फांदीत शोधा. सेन्सर आणि अलार्मचा भोंगा दोघेही गायब असतील तर सामायिक तार किंवा सामायिक फ्यूज संशयित. यू०१४० हा कोड इतर मॉड्यूलमध्ये सापडला तर खुद्द बीसीएमशीच संपर्क तुटतो आहे, मग छतावरचा सेन्सर खोलण्यात काही अर्थ नाही.

लो व्होल्टेजची नोंद सोबत असेल तर आधी बॅटरी. गाडी काही तास उभी राहिल्यावर भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. स्टार्ट मारताना ९.६ च्या खाली गेली तर ती बदलायला झाली. उन्हाळ्याच्या तापाने इथे बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात, आणि कमजोर बॅटरी एका स्टार्टमध्ये अर्धा डझन संपर्काचे कोड उभे करते.

लिन तारेला टेस्ट लॅम्प लावणं

ही चूक जवळजवळ रोज होते आणि तिच्यामुळे निदान उलटं फिरतं, म्हणून इथे जरा थांबू.

बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर आणि भोंगा लिन बसवर, म्हणजे बीसीएमशी बोलायच्या सामायिक तारेवर असतात. ही एकच तार, वेग जास्तीत जास्त २० किलोबिट प्रति सेकंद. तार शांत असताना तिच्यावर जवळजवळ बॅटरीइतकं व्होल्टेज असतं. बोलणारा ती क्षणभर शून्याकडे खेचतो आणि त्यातून निरोप जातो. ते वरचं व्होल्टेज बीसीएममधल्या १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतं, म्हणजे १२ व्होल्टला या तारेतून वाहणारा करंट जेमतेम १२ मिलीअँपिअर. टेस्ट लॅम्पचा बल्ब याच्या कैक पट करंट मागतो. तो लावताच तार शून्यावर बसते, सगळ्यांचं बोलणं बंद होतं, दिवा मात्र पेटत नाही. ‘सप्लायच येत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो तो इथेच. याच कारणाने लिन तार बॉडीला शॉर्ट झाली तरी फ्यूज उडत नाही. फ्यूज शाबूत म्हणजे वायरिंग शाबूत, हे या तारेला लागू नाही.

डिजिटल मल्टिमीटर वापरा. तारेचं इन्सुलेशन खरवडू नका, कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवा. इग्निशन चालू ठेवा, नाहीतर बीसीएम झोपलेला असतो आणि झोपलेली तार निरोगी असूनही मुकी दिसते. बॅटरीपेक्षा थोडं कमी आणि सतत हलणारं व्होल्टेज दिसलं तर बोलणं चालू आहे. स्थिर शून्य म्हणजे तार अर्थला टेकली आहे; सेन्सरचा कपलर काढून मोजलं असेल तर ती मधेच तुटली असेल किंवा बीसीएमकडून काही येत नसेल.

आणखी एक फसवी जागा. सेन्सरच्या आतही साधारण ३० किलोओहमचा रेझिस्टर असतो. तार मधेच तुटली असेल आणि सेन्सर जोडलेला असेल, तर त्या रेझिस्टरमुळे सेन्सरच्या बाजूला मीटर बॅटरीजवळचं स्थिर व्होल्टेज दाखवतो आणि तार ठीक असल्याचा भास होतो. म्हणून सेन्सरचा कपलर काढून मोकळ्या पिनवर मोजा. तिथे शून्य आणि बीसीएमच्या टोकाला हलतं व्होल्टेज आलं, तर तुटलेली जागा या दोहोंच्या मध्ये आहे.

दोन्ही टोकांना शून्य असेल तर त्या तारेवरची उपकरणं एकेक करून काढा. कुठलं काढल्यावर तार वर येते ते बघा. आतून शॉर्ट झालेलं एकच उपकरण बाकी सगळ्यांना मुकं करतं. कोणकोण एका तारेवर आहे हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे त्याच व्हेरिअंटचा वायरिंग डायग्राम हवाच.

ऑसिलोस्कोप असेल तर चित्र स्वच्छ दिसतं. १९.२ किलोबिटच्या वेगाला एक बिट साधारण ५२ मायक्रोसेकंदांचा. बीसीएमची विचारणा लांब खाचेने सुरू होते आणि तिच्यामागे सेन्सरचं उत्तर यायला हवं. सेन्सरच्या पिनवर नुसतीच विचारणा दिसते, पुरवठा आणि अर्थ दोन्ही सिद्ध झालेत, व्हेरिअंटही बरोबर आहे, तरी उत्तर नाही, तेव्हा सेन्सर बदला.

पुरवठा आणि अर्थ नुसत्या बीपवर पास करू नका

मीटरची कंटिन्युइटी (तार सलग आहे का याची चाचणी) एका धाग्यावर टिकलेल्या तारेलाही बीप देते. सेन्सरच्या कपलरमध्ये पुरवठा आणि अर्थच्या पिनांना ५ वॉटचा बल्ब जोडा. बल्ब पेटलेला असताना अर्थच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजा, ते ०.१ च्या आत हवं. बल्ब फक्त या दोन पिनांवर, लिनवर कधीही नाही.

नेमकं कुठे बघायचं

हा सेन्सर बहुतेक वेळा छतावरच्या दिव्याच्या पॅनेलमध्ये असतो आणि त्याची तार ए-पिलरमधून, म्हणजे पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबातून खाली येते. छत फोमने धुऊन घेतलं असेल तर फोमचं पाणी त्याच कपलरमध्ये उतरतं आणि पिनांना हिरवट थर धरतो. डॅशकॅमची वायर दिव्याच्या सप्लायला चिकटवलेली सापडणं हेही नेहमीचं. बाहेरून बसवलेलं जीपीएस किंवा रिमोट लॉक असेल तर ते आधी पूर्ण वेगळं करून बघा. पंढरपूर-माळशिरसकडच्या उसाच्या पट्ट्यात शेताजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग तपासायला विसरू नका, विशेषतः बॉनेटखाली भोंग्याकडे जाणारी लूम (तारांचा जुडगा).

दोष दुपारी येतो आणि सकाळी गॅरेजात सापडत नाही, अशी तक्रार असेल तर गिऱ्हाईकाला खोटं ठरवू नका. उन्हात बंद गाडीचं आतलं तापमान साठीच्या पुढे जातं. तापल्यावर सैल पिन किंवा तडकलेला सोल्डर सुटतो. पॅनेलला हेअर ड्रायरने ऊब द्या, मीटर लावून ठेवा, लूम हलकेच हलवा. हीट गनने प्लास्टिक वाकतं.

भोंगा आणि जुने पार्ट

काही भोंग्यांत स्वतःची छोटी बॅटरी असते. काही वर्षांनी ती गळते, आतला बोर्ड खाते आणि मग भोंगा लिन तारेला खेचून धरतो. कोड मात्र सेन्सरवरही येतो. असा भोंगा काढण्याआधी अलार्म बंद करून घ्या, नाहीतर सप्लाय तुटताच तो तुमच्या कानाशीच वाजेल.

जुन्या बाजारातून घेतलेला सेन्सर पार्ट नंबरच्या शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. ज्या व्हेरिअंटला कारखान्यातून सेन्सरच नव्हता, तिथे बीसीएमच्या कोडिंगमध्ये तो ‘आहे’ असा ठेवला गेला तर संपर्काचा कोड जन्मभर जाणार नाही. वायरिंग कितीही तपासा. दुसऱ्या गाडीचा बीसीएम नुसता बघण्यासाठी लावणं टाळा, तो अनेक गाड्यांत इमोबिलायझरशी बांधलेला असतो आणि गाडी स्टार्टच व्हायची नाही.

दुरुस्तीनंतर

तुटलेली तार पिळून टेप मारू नका. क्रिम्प किंवा सोल्डर करून श्रिंक स्लीव्ह चढवा. कपलरसाठी कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, ग्रीस भरू नका.

मग कोड पुसा, एक काच उघडी ठेवून गाडी लॉक करा, मिनिटभर थांबा आणि खिडकीतून हात आत घालून हलवा. अलार्म वाजला पाहिजे. शेवटी गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सोडा आणि बॅटरीवरचा करंट मोजा. साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. त्याहून जास्त असेल तर कुणीतरी अजून बीसीएमला जागं ठेवतंय. लिनवरची उपकरणं पुन्हा एकेक करून काढा.