पहिली बॉक्सिंग मॅच: महिने नका मोजू, स्पारिंगचे राउंड मोजा

साडेतीन महिन्यांच्या सरावावर मी पहिली मॅच खेळलो. तुम्ही तसं करू नका, म्हणून हे लिहितोय.

आमच्या घरात कुस्ती. आजोबा मातीतले, चुलते मातीतले. खासबागेतल्या कुस्त्या मी चुलत्यांच्या खांद्यावर बसून पाहिल्यात. त्यामुळे बॉक्सिंगला गेलो तेव्हा डोक्यात एकच होतं: दम आपल्यात आहेच, ठोसे तेवढे शिकायचे. त्यात जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्याकडून माझ्या वजनात पोरगं नव्हतं. सरांनी विचारलं, "खेळतोस काय?" कोल्हापुरात असल्या प्रश्नाला "नाही" म्हणता येतंय होय!

मॅच म्हणजे तीन मिनिटांचे तीन राउंड, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. ऐकायला नऊ मिनिटं काहीच नाहीत. पहिल्या राउंडला मी जीव खाऊन हात फिरवले, त्यातले निम्मे हवेत गेले. दुसऱ्या राउंडला हात भिजलेल्या पोत्यासारखे जड झाले. तिसऱ्यात दोन ठोसे नाकावर बसले आणि मी काय करावं? सरळ समोरच्याच्या कमरेला मिठी मारली. रेफरीने ताकीद दिली. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, घिस्सा मारतोस काय?" घिस्सा म्हणजे कुस्तीतला डाव. सगळं मैदान हसलं. पाचही जजनी निकाल समोरच्याच्या बाजूने दिला.

दम नव्हता असं नाही. जोर-बैठका मारणारा, सकाळी रंकाळ्यावर पळणारा गडी होतो मी. पण मार खाताना माणूस नकळत श्वास कोंडतो, खांदे आवळतो, आणि तिथे दम संपतो. ते पळून सुटत नाही, पुढ्यात मारणारा माणूस असेल तरच सुटतं. त्या मॅचआधी माझं एकूण स्पारिंग, म्हणजे सरावातली समोरासमोरची लढत, पाच राउंडचं, तेही एकाच मित्राशी. सरावानंतर आम्ही एकत्र मिसळ खायला जायचो, तो मला काय मारणार?

तर पहिल्या मॅचआधी किती दिवस सराव हवा? आठवड्यातून चार-पाच दिवस, रोज दीड तास नेमाने येणार असाल आणि आधी कुठला खेळ अंगात असेल तर सहा महिन्यांच्या आत मॅचचं नाव काढू नका. कोरी पाटी असेल तर आठ महिने ते वर्ष धरा. आठवड्यातून दोनदा येणाऱ्याने हे गणित लावूच नये, त्याने व्यायाम म्हणून मजेत खेळावं.

पण महिन्यांपेक्षा मी राउंड मोजतो. पहिले दोन महिने स्पारिंग नाहीच. उभं राहणं, पाय टाकणं, जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारून हात परत हनुवटीपाशी आणणं, एवढंच. कंटाळा येतो, येऊ द्या. मग महिना-दोन महिने फक्त जॅबचं किंवा डोकं सोडून फक्त अंगावर मारायचं हलकं स्पारिंग. त्यानंतर आठवड्याला एकदा तीन राउंड खरं स्पारिंग. बारा आठवड्यांत छत्तीस राउंड होतात. ते किमान चार-पाच वेगवेगळ्या पोरांशी झालेले असावेत, एखादा उंच, एखादा डावखुरा. डावखुऱ्यासमोर पहिल्यांदाच मॅचमध्ये उभं राहिलात तर ठोसा कुठनं आला हेच कळत नाही. स्पारिंगला जाड ग्लोव्ह, हेडगार्ड, माउथगार्ड, खाली जांघेच्या संरक्षणाला कप, हे सगळं लागतंच. आणि स्पारिंगनंतर डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर त्या दिवशी बंद आणि डॉक्टरला दाखवायचं. तालमीतलं "मार खाऊनच पैलवान होतो" हे डोक्याच्या बाबतीत चालत नाही.

कुस्तीतून येणाऱ्यांना एक वेगळंच सांगायचंय. तुमची मान आणि कंबर सोन्यासारखी आहे, पण खोडी घात करतात. आपण वाकून, डोकं पुढे घालून, हात खाली ठेवून उभे राहतो. इथे पुढे आलेलं डोकं म्हणजे एकतर अप्परकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, नाहीतर डोकं लावल्याचा फाऊल. कमरेखाली वाकणं आणि धरणं हेही फाऊल. माझी खोड मोडायला सरांनी हनुवटीखाली टेनिसचा चेंडू धरून शॅडो, म्हणजे एकट्याने हवेत ठोसे मारायचा सराव, करायला लावलं. चेंडू पडला की वीस बैठका. पहिल्या आठवड्यात बैठकाच जास्त झाल्या.

पळण्यातही बदल करा. सलग फेऱ्या ठीकच आहेत, पण मॅच जवळ आली की तीन मिनिटं जोरात, एक मिनिट चालत, असं करा.

वजनाचं थोडक्यात: पहिल्या मॅचला वजन तोडू नका, रोजचं जे भरतंय त्याच गटात उतरा. मी आदल्या दिवशी पाणी पिणं सोडलं होतं. वजन सकाळी होतं, मॅच त्याच दिवशी. मेडिकलमध्ये नाडी-बीपी पाहिलं जातं, तिथे मी पास झालो, पण पायात जीव कुठे होता? उलट टोकही वाईट. गंगावेशच्या कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध प्यायल्याने जो गट वर सरकतो, तिथली पोरं तुमच्यापेक्षा हाडानं मोठी असतात.

आणि सरांना हे जरूर विचारा: समोरचा किती मॅच खेळलाय? खुल्या स्पर्धेत कोण कुणाशी खेळणार याचा ड्रॉ निघतो. तुमच्या पहिल्या मॅचला वीस मॅच खेळलेला गडी येऊ शकतो. त्याऐवजी दोन क्लबांनी ठरवून घेतलेली, नवख्याशी नवख्याची लढत मिळाली तर ती आधी खेळा. एक लक्षात ठेवा, 2013 पासून पुरुषांच्या वरिष्ठ गटात, म्हणजे 19 वर्षांपासून पुढे, हेडगार्ड काढलेलं आहे. स्पारिंगमधलं ते संरक्षण गृहीत धरून रिंगमध्ये जाऊ नका. एक राउंड तरी सरांसमोर, हलक्या हाताने, हेडगार्डशिवाय करून बघा.

मी दुसरी मॅच अकराव्या महिन्यात खेळलो. तीही हरलो, पण तीन-दोनने. तिसऱ्या राउंडला कोपऱ्यातून सर काय ओरडतायत ते पहिल्यांदा ऐकू आलं: "हनुवटी! जॅब! फीर!" पहिल्या मॅचला कानात नुसती शिट्टी वाजत होती. चुलते बघायला आले होते. बाहेर आल्यावर पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चांगला खेळलास लेका, पण एवढा जवळ आला होता की तो, धरला का नाहीस?"