कोडिंग आणि डिझाइनच्या विद्यार्थ्यांकडून एकत्र प्रकल्प कसा करून घ्यावा

गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय फर्मागुढीला, कला महाविद्यालय पणजीत आल्तिनोवर. अशा दोन ठिकाणची मुलं एका प्रकल्पावर घ्यायची असतील, तर विषय ठरवण्याआधी दोन्हीकडच्या वेळापत्रकांत आठवड्यातला एकच अर्धा दिवस मोकळा करून घ्या. तो नसला की सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. डिझाइनवाले चित्रं पाठवतात, कोडवाले ती जमतील तशी उतरवतात, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो माणूस कोणालाच दिसत नाही.

गट पाच जणांचा करा: तीन कोडिंगचे, दोन डिझाइनचे. डिझाइनचा एकटाच असला तर त्याच्याकडे रंग आणि आयकॉन एवढंच काम उरतं. मुदत सहा आठवडे. विषय असा घ्या, की वापरणारी माणसं रोज एका ठिकाणी भेटतील. रायबंदर–चोडण फेरीबोटीची वेळ सांगणारं ॲप हे चांगलं उदाहरण. धक्क्यावर शाळकरी मुलं, नोकरदार, मासळी घेऊन निघालेल्या बायका, दुचाकीवाले, सगळे एका रांगेत सापडतात.

पहिल्या आठवड्यात लॅपटॉप उघडायचाच नाही. एक कोडिंगचा आणि एक डिझाइनचा अशी जोडी धक्क्यावर पाठवा. पाचवा एखाद्या जोडीत तिसरा. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लिहायचं, दुपारी कामं बदलायची. “असं ॲप आवडेल का?” हा प्रश्न बाद. समोरचा भिडेखातर हो म्हणतो आणि हाती काही लागत नाही. “मागच्या वेळी फेरी चुकली तेव्हा काय केलंत?” असं विचारा. प्रश्न कोंकणीत विचारा, माणूस मोकळा बोलतो. त्याचे शब्द वहीत जसेच्या तसे उतरवा. फोटो किंवा रेकॉर्डिंग परवानगीशिवाय नको.

दुसरा आठवडा कागद आणि पेन्सिलीचा. कोडवाल्यांनीही स्क्रीन काढायच्या, रेघ वाकडी आली तरी चालेल. प्रत्येक स्क्रीनच्या पाच अवस्था मागा: रिकामी, लोड होताना, अर्धी माहिती आलेली, चूक झालेली आणि सगळं ठीक असलेली. डिझाइनचे विद्यार्थी बहुतेक वेळा शेवटचीच काढतात. मग “फेरी रद्द झाली तर काय दाखवायचं?” हे कोडवाला रात्री अकराला स्वतःच ठरवतो.

तिसऱ्या आठवड्यात एकच स्क्रीन, दिसायला ओबडधोबड, पण खऱ्या फोनवर चालणारी हवी. खरी गाठ इथे पडते, म्हणून शिक्षकाने सर्वांत जास्त वेळ या आठवड्याला द्यावा. एक कोडवाला आणि एक डिझाइनवाला अशा दोघांना एका मशीनसमोर नव्वद मिनिटं बसवा. फिग्मामध्ये (स्क्रीनची डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर) आणि कोडमध्ये एका वस्तूला एकच नाव ठरवा. मजकूर पहिल्या दिवसापासून देवनागरीत टाका. इंग्रजी शब्दांवर बेतलेल्या ओळीत वेलांट्या आणि उकार कापले जातात, तेव्हा ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट धरून पाहा. अँड्रॉइडवर बटणाची जागा निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १; तरीही स्क्रीन भर दुपारी उन्हात नेऊन वाचाच. फोन एअरप्लेन मोडवर टाका: वेळापत्रक तरीही दिसलं पाहिजे.

भांडणं होतील. त्यासाठी दोन नियम पुरतात. “हे कोडमध्ये होत नाही” म्हणणाऱ्याने किती तास लागतील आणि त्याऐवजी काय जमेल, हे सांगायचं. “हे बरं दिसत नाही” म्हणणाऱ्याने धक्क्यावरच्या वहीतली नोंद दाखवायची. नोंद नसेल तर मुद्दा पुढच्या चाचणीपर्यंत बाजूला.

चौथ्या आठवड्यात ॲप वापरणाऱ्यांपैकी पाच जणांकडून त्याची चाचणी करून घ्या. मोठी एकच चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या छोट्या फेऱ्या बऱ्या, हे वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं आणि वर्गातल्या वेळेत तेच बसतं. काम नेमकं द्या: “तुम्ही चोडणला आहात, रायबंदरला जायची शेवटची फेरी शोधा.” मग गप्प बसा. माणूस अडखळला की कोडवाल्याचं बोट आपोआप बटणाकडे जातं; म्हणून त्याला मागे बसवून वही हातात द्या. त्याने हे अडखळणं स्वतःच्या डोळ्यांनी बघायलाच हवं. डिझाइनवाल्याने नंतर लिहून दिलेला अहवाल त्याला टीका वाटतो.

पाचवा आठवडा दुरुस्तीचा. सगळं दुरुस्त होत नाही, तीनच अडचणी निवडा. सहाव्यात नवे पाच जण, तेच काम.

शंभरपैकी गुण असे: निरीक्षणाची वही ३०, चाचणीनंतर केलेले बदल ३०, चालणारं ॲप २०, तोंडी परीक्षा २०. तोंडी परीक्षेत प्रश्न उलटे विचारा. बटण खाली का आलं, हे कोडवाल्याला. नेट गेल्यावर वेळापत्रक कुठून येतं, हे डिझाइनवाल्याला.