घारापुरीच्या हत्तीचं थ्रीडी चित्रण: तयारीची यादी

राणीच्या बागेजवळ, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा असलेला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला आणि उचलताना तो फुटला. १९१४ मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. त्याचे सांधे हाच त्याचा इतिहास, म्हणून सगळी तयारी ते नीट टिपले जातील अशी हवी. पद्धत अशी: हत्तीचे चहूबाजूंनी फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअर त्यांतले समान बिंदू जुळवून थ्रीडी मॉडेल बनवतं.

आधी लेखी परवानगी घ्या; अर्जात ट्रायपॉड आणि उंच पोलचा उल्लेख करा. दिवस ढगाळ पण कोरडा निवडा. उन्हातली सावली मॉडेलच्या रंगात कायमची उतरते. ओला दगड चकाकतो, ती चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि सॉफ्टवेअरला समान बिंदू सापडत नाहीत.

सोबत ३५ मिमीची प्राइम (झूम न होणारी) लेन्स, जादा बॅटऱ्या, दोन मेमरी कार्डं, कलर चेकर (रंग पडताळायचं नमुनापत्र) आणि नेमक्या लांबीच्या किमान दोन मापपट्ट्या घ्या. पट्ट्या पायांशी जमिनीवर ठेवा, दगडाला काहीही चिकटवू नका. पट्ट्या ठेवायच्या राहून गेल्या तर मॉडेल देखणं होईल, पण हत्तीची उंची त्यातून कळणार नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर, लेन्सचं छिद्र एफ/८, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ १०० ते ४००, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. तीन उंचींवरून फेऱ्या मारा, दर १० अंशांना एक फोटो, म्हणजे फेरीला ३६, पाठीसाठी पोल. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक हवा. एका जागी उभं राहून नुसता कॅमेरा वळवू नका, जागा बदलल्याशिवाय खोली मोजता येत नाही. पोटाखाली आणि पायांमध्ये अंधार असतो, मॉडेलला भोकं तिथेच पडतात. तिथे ट्रायपॉड आणि जास्त वेळेचं एक्स्पोजर. सांध्यांचे फोटो टप्प्याटप्प्याने जवळ जात घ्या. मधल्या अंतराचे फोटो नसतील तर जवळचे मुख्य मॉडेलला जुळतच नाहीत.

मेशरूम किंवा मेटाशेप या फोटोंतून मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताना पृष्ठभाग गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवा, ती भेगा पुसते. मूळ मॉडेल आणि रॉ फोटो तीन प्रतींत जपा, एक प्रत दुसऱ्या जागी. एआरसाठी, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यातून हत्ती समोरच्या जागेत उभा दिसावा यासाठी, वेगळी हलकी प्रत करा: मॉडेलचा पृष्ठभाग साधारण १ लाख त्रिकोणांचा, बारकावे नॉर्मल मॅपमध्ये (उंचसखलपणाचा आभास देणाऱ्या चित्रात), फाइल अँड्रॉइडला जीएलबी, आयफोनला यूएसडीझेड प्रकारची. एकक मीटर आणि शून्यबिंदू पायांच्या पातळीवर ठेवा, नाहीतर हत्ती पडद्यावर तरंगतो.

हीच पद्धत आधुनिक पुतळ्याला वापरणार असाल तर कॉपीराइट तपासा. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाच्या छायाचित्राला भारतीय कायद्यात सूट आहे, थ्रीडी प्रतिकृतीचा तिथे उल्लेख नाही; शिल्पकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झाली नसतील तर हक्कधारकाची संमती घ्या.